चौदा घरांची मागची बाजू

कवळीवाल्यांच्या घरात खोल्या तीन, आणि त्यांतली एक चार वर्षांपासून रेल्वेच्या ताब्यात होती.

कवळीवाले म्हणजे दाताच्या कवळ्या करणारे. दातांचे डॉक्टर जबड्याचे साचे पाठवायचे, हे त्यांवरून दात बसवून द्यायचे. बत्तीस वर्षं हाच धंदा, त्यामुळे हात बारीक कामाला सरावलेला, आणि घरात प्लास्टरला तोटा नाही. मागच्या खोलीत एका जुन्या दाराच्या फळीवर त्यांनी छोट्या रेल्वेचा लेआउट उभा केला होता. दोन फेऱ्यांचे रूळ, एक स्टेशन, तीन रुळांचं यार्ड, एक बोगदा आणि उतारावर वसलेली चौदा घरं. डोंगर अर्थातच प्लास्टरचा. रंग चुकून हिरड्यांच्या डब्यातला पडला होता, तो वरून हिरव्याने झाकला. पण कुठे टवका उडाला की आतून गुलाबी हिरडी डोकवायची.

घरं मात्र नजर लागावी अशी. खिडक्यांच्या चौकटी दोऱ्याच्या, दुकानांच्या पाट्या एका केसाच्या कुंचल्याने लिहिलेल्या, स्टेशनच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. कोणत्या घराला किती तावदानं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. बायकोच्या वाढदिवसाच्या तारखेबद्दल तसं म्हणता येत नव्हतं, आणि ही नोंद बायकोने नीट ठेवली होती.

बायको शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत मशीन, तिथेच गिऱ्हाइकं, तिथेच जेवण, तिथेच पाहुणे. कापड बेतायचं तर जमिनीवर पसरायचं आणि गुडघ्यांवर रांगायचं. मागच्या खोलीत कापडाला एक उंच टेबल टाकावं, एवढंच तिचं मागणं होतं. ते तिने चार वर्षांत इतक्या वेळा मांडलं, की कवळीवाल्यांना ते इंजिनाच्या आवाजासारखं वाटू लागलं होतं. चालू आहे हे कळायचं, लक्ष जायचं नाही.

या वर्षी मात्र करार झाला. गावातल्या छोट्या रेल्वेवाल्यांचं एक मंडळ होतं. त्यांच्या दोन दिवसांच्या प्रदर्शनात कवळीवाल्यांना पहिल्यांदाच जागा मिळाली. बायको म्हणाली, ठीक आहे, होऊ द्या सोक्षमोक्ष. पुढच्या वर्षीही या, असं मंडळाने लेखी बोलावणं दिलं, तर खोली कायमची गाडीची. मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही दिलं, तर हे दार पुन्हा दार होईल आणि माझं टेबल आत येईल. कवळीवाल्यांनी हो म्हटलं. माणूस स्वतःच्या कामावर खूश असला की करार वाचायच्या आधीच सही करतो.

साक्षीदार म्हणून बायकोचा थोरला भाऊ होता. तो निवृत्त स्टेशनमास्तर. एकतीस वर्षं लहानलहान स्टेशनांवर काढली, आणि आता मेहुण्याच्या मागच्या खोलीत रोज संध्याकाळी पाचला तो ड्यूटीवर हजर असायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. चार डब्यांची मालगाडी हलवायची तरी मास्तर आधी वहीत वेळ लिहिणार, मग हिरवा झेंडा दाखवणार. वेळापत्रक त्याचं, शिट्टी त्याची, आणि अपघातांची वहीही त्याचीच. ती वही चार वर्षं कोरी होती. याचा मास्तरला अभिमान होता आणि थोडी खंतही, कारण वही चांगली जाड होती.

प्रदर्शन व्यायामशाळेच्या हॉलमध्ये होतं. अकरा लेआउट, अकरा टेबलं. यांना सात नंबर मिळाला, हॉलच्या अगदी मध्यावर. सकाळी नऊला दोघांनी फळी टेबलावर चढवली, घरं जागच्या जागी बसवली, आणि मंडळाच्या माणसाने पुढे दोरी बांधून सांगितलं, बघणारे दोरीपलीकडे, चालवणाऱ्याने मागे उभं राहायचं.

कवळीवाले मागे गेले. आणि आपलंच गाव त्यांना ओळखू येईना.

झालं होतं असं. घरी लेआउट भिंतीला टेकवलेला. कवळीवाले चार वर्षं एकाच स्टुलावर, एकाच बाजूला बसले. डोंगर एका टोकाला, त्याच्या उतारावरून भिंतीच्या कडेने घरांची ओळ, आणि चौदाही घरांची तोंडं त्यांच्या स्टुलाकडे. घरांना मागची बाजू असते, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. मागून सगळा नुसता पुठ्ठा होता, आणि पुठ्ठा स्वयंपाकघरातल्या खोक्यांचा. स्टेशनच्या पाठीवर कपड्यांच्या साबणाची जाहिरात, दवाखान्यावर बिस्किटांचं चित्र, आणि सगळ्यांत उंच घरावर, उलट्या अक्षरांत, साठ वॅटचा बल्ब.

ते एक वेळ चाललं असतं, कारण लोकांना ते दिसत नव्हतं. पण मागून सगळं उलटंही झालं होतं. बटणांची पट्टी घरच्या सवयीने बनवलेली, डावं बटण डावीकडच्या, रूळ बदलणाऱ्या सांध्याचं. आता डावं ते उजवं. बोटं चार वर्षांची शिकलेली, ती ऐकेनात. पहिल्याच फेरीत एक्स्प्रेस यार्डात शिरली आणि उभ्या मालगाडीला जाऊन भिडली. दुसऱ्यांदा दोन गाड्या बोगद्यात समोरासमोर भेटल्या. तिसऱ्यांदा इंजिन रूळ सोडून दवाखान्यात गेलं.

"निदान योग्य ठिकाणी गेलं," असं दोरीपलीकडे कोणीतरी म्हणालं.

मास्तरने अपघातांची वही काढली. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याने एकही अपघात पाहिला नव्हता. इथे एका तासात तीन. त्याने तिन्ही लिहिले, वेळेसकट, आणि कारणाच्या रकान्यात तिन्ही वेळा लिहिलं, 'मेहुणे'.

अकरा वाजता कवळीवाल्यांनी निमूटपणे बटणांची पट्टी उचलली आणि ते दोरीच्या आत, पुढच्या बाजूला, आपल्या ओळखीच्या जागी येऊन बसले. गाड्या लगेच शहाण्यासारख्या धावू लागल्या. पण आता पुढच्या लोकांना कवळीवाल्यांच्या शर्टाची पाठ दिसत होती. शर्ट बायकोने शिवलेला, शिवण सरळ होती. तरी लोक तेवढ्यासाठी आले नव्हते. मग ते वळसा घालून पलीकडच्या वाटेने जायचे आणि तिथे त्यांना खोकी भेटायची. लोक मोठ्याने वाचायचे. साबणाचं स्टेशन, म्हणून गाड्या एवढ्या स्वच्छ. या घरात साठ वॅटचा माणूस राहतो. दुपारपर्यंत सात नंबरला हॉलमधली सगळ्यांत मोठी गर्दी जमली, आणि ती सगळी चुकीच्या बाजूला.

तीन वाजता बायको थर्मासमध्ये चहा घेऊन आली. तिला कोणी ओळखत नव्हतं. ती पलीकडच्या गर्दीतच उभी राहिली आणि आधी तीही हसली. हसायला काही हरकत नव्हती. टेबलाची मापं तिने सकाळीच घेऊन ठेवली होती. मग तिच्या शेजारचा एक गृहस्थ आपल्या सोबत्याला म्हणाला, असल्या माणसाला आत घेतलंच कसं, अर्ध्या कामावर झोपलेला दिसतोय. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. थर्मासचं झाकण घट्ट केलं. आणि चहा न देताच वळसा घालून नवऱ्यामागे जाऊन उभी राहिली. ती काही बोलत नाही तेव्हा कवळीवाल्यांना मानेवर ऊब लागल्यासारखं कळायचं.

पाचला हॉल बंद होताना अध्यक्षबाई आल्या. मंडळाच्या अध्यक्षबाईंची सगळी नोकरी इमारतींचे नकाशे तपासण्यात गेली होती. चष्मा कपाळावर ढकलून त्या पलीकडच्या बाजूने निरखून गेल्या, मग अलीकडे आल्या.

"गाड्या तुमच्या छान चालतात. पण मागच्या बाजूचा नकाशा नसला, तर मी फाईल परत पाठवायचे. तीस वर्षं पाठवली."

उद्या दुपारी दोनला मंडळाची फेरी निघेल, त्या म्हणाल्या, आणि पुढच्या वर्षीची बोलावणी तेव्हाच ठरतील. अकरा नंबरवाले उद्या येणार नाहीत, हवं तर त्यांची जागा घ्या, ती भिंतीला लागून आहे. एक बाजू भिंतीला राहील, दुसरी लोकांना. कोणती बाजू कोणाला, ते तुमचं तुम्ही बघा.

कवळीवाले बघतच राहिले. स्वतः भिंतीकडे बसले तर बोटं नीट चालणार, पण लोकांना खोकी दिसणार. लोकांना पुढची बाजू दाखवली तर पुन्हा डावं-उजवं आणि पुन्हा दवाखाना. घरं उलटी फिरवावीत, असं मास्तरने सुचवलं. तेही करून पाहिलं. पण प्रत्येक घराचा तळ उताराला मापून कापलेला, कवळी जबड्याला बसावी तसा. फिरवलं की घर दारू प्यायल्यासारखं कलायचं.

"घरं उचला," बायको म्हणाली.

"कशाला?"

"घरी न्यायला. चौदाही. माझ्या हातात अख्खी रात्र नाही, जेवणापर्यंतचा वेळ आहे, तेव्हा कशाला-बिशाला वाटेत विचारा."

वाटेत, रिक्षात, कवळीवाल्यांनी विचारलंच. घरं कवळ्यांच्या डब्यांत भरली होती आणि डबे तिघांच्या मांडीवर होते. ते म्हणाले, अगं, तुला तर टेबल हवंय. नुसती हात बांधून बसलीस तरी उद्या दोनला मिळेल.

"हवंयच टेबल," बायको म्हणाली. "पण असं नाही. तुम्हाला हसायचं काम आपल्या घरात माझ्याकडे आहे. ते मी तिथल्या कुणाला दिलेलं नाही."

यावर मास्तर खिडकीबाहेर बघू लागला. साक्षीदाराने कराराबाहेरच्या गोष्टी ऐकायच्या नसतात.

बायकोचं मशीन ज्या खिडकीशी होतं, ती खिडकी समोरच्या घरांच्या पाठीवर उघडायची. सव्वीस वर्षं मान वर केली की तिला हेच दिसत आलं होतं: घरांची पाठ. कोणाचा नळ गळतो, कोण चादर आठवड्याने बदलतं, कोणाकडे भांडण झालं की गादी गच्चीवर येते, हे सगळं तिच्या डोक्यात तारखेवार होतं. कवळीवाले घरं रस्त्यावरून ओळखायचे. ती दोऱ्यांवरच्या कपड्यांवरून ओळखायची.

साडेसहाला तिने चिंध्यांची पिशवी मोकळी केली आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. खोक्यांना आधी मातकट रंग. कवळीवाल्यांनी पट्टी घेऊन खिडक्या आखायला घेतल्या, तर तिने पट्टी काढून घेतली.

"मागच्या खिडक्या एका ओळीत नसतात हो. ही न्हाणीघराची, लहान आणि उंच. ही जिन्यावरची, तिची काच फुटलीय. आणि ही आधी खिडकी होती, मग बुजवली."

"का बुजवली?"

"शेजाऱ्यांशी बोलणं बंद आहे ना त्यांचं."

असे एकेक संसार उभे राहू लागले. सुतळीएवढ्या चिंधीतून शर्ट निघाले, पायजमे निघाले, एका दोरीवर ओळीने सहा झबली. तारेचे नळ भिंतींवरून उतरले आणि प्रत्येक नळाखाली तिने चहाच्या पाण्याचा डाग पाडला. एका गच्चीवर गोधडी, एका कठड्यावर पालथी बादली. कवळीवाले आधी गप्पपणे सांगितलेलं करत होते. मग त्यांच्या हाताला गोडी लागली. बल्बाच्या घराच्या वरच्या खिडकीत त्यांनी भिंग लावून एक पेला बसवला, आणि पेल्यात कवळी. मुगाच्या सालाएवढी, पण दात मोजता येत होते. बायकोने ती पाहिली आणि म्हणाली, म्हातारा दिवसा झोपलाय का हो? चार वर्षांत त्यांच्या गावाबद्दल तिने केलेला हा पहिला प्रश्न होता.

स्टेशनच्या पाठीचं मात्र तिला काही सुचेना. तिने मास्तरला विचारलं. मास्तर म्हणाला, नियमाप्रमाणे मागे वाळूच्या बादल्या असतात, चार. बादल्या झाल्या. आणखी काय? मोडकी खुर्ची. झाली. आणखी? मास्तर जरा घुटमळला आणि म्हणाला, एक बाक असतो, लांबट, त्यावर उशी.

"उशी?" बायकोने सुई थांबवली. "दादा, तू तर सांगत आलास, ड्यूटीवर कधी डोळा मिटला नाही."

"स्टेशनच्या पुढच्या बाजूला नाही मिटला," मास्तर म्हणाला, आणि उशी किती जाडीची हवी ते बोटांनी दाखवलं.

जेवणाला जरा उशीर झाला, पण चौदाही पाठी झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा नंबरच्या टेबलापाशी कवळीवाले हातात स्टेशन धरून बराच वेळ उभे होते. आता हिशोब साधा होता. ते भिंतीकडे बसणार, बोटं बरोबर चालणार, लोकांना पाठी दिसणार. म्हणजे चार वर्षांच्या तावदानांकडे, पाट्यांकडे, चार वाजून दहा मिनिटांकडे बघायला एक भिंत आणि ते स्वतः. आणि बायकोचं साडेसहा ते जेवणापर्यंतचं काम सगळ्या गावासमोर. माणसाचा जीव एवढ्याएवढ्यात अडकतो. घड्याळावरचा काटा त्यांनी नखाने उगीचच पुसला. मग स्टेशन जागेवर बसवलं, टेबल ढकललं, आणि पोट आत घेऊन भिंतीच्या फटीत शिरले.

दहाला दारं उघडली. पहिले काही लोक कालचे होते, ते खोकी वाचायला आले. खोकी नव्हती. ते आधी थबकले आणि मग वाकले. वाकणं भागच होतं, कारण आता घरं पुढे होती आणि गाड्या मागे. गाडी दिसायची ती दोन घरांच्या फटीतून, कपड्यांच्या दोरीखालून. लोक एका फटीत इंजिन पकडायचे आणि पुढच्या फटीकडे धावायचे. एक बाई शपथेवर सांगत होती की तो गळका नळ त्यांच्याच घराचा आहे आणि मालकाला ती गेल्या वर्षापासून सांगतेय. दोन म्हातारे बुजवलेल्या खिडकीवरून भांडले. बायको दोरीच्या कडेला खुर्ची टाकून बसली होती आणि कोणत्या घरात कोण राहतं ते विचारलं तर सांगत होती. विचारलं नाही तरी सांगत होती.

दोन वाजता अध्यक्षबाई मंडळाच्या चौघांना घेऊन आल्या. चष्मा कपाळावरून नाकावर आला. त्या एका टोकापासून वाकत वाकत निघाल्या. स्टेशनच्या पाठीशी आल्या, उशी पाहिली, मास्तरकडे पाहिलं. मास्तरने झेंडा गुंडाळला.

"हे दात आहेत का?" बल्बाच्या घरापाशी त्यांनी विचारलं.

"कवळी," भिंतीकडून आवाज आला.

"तुम्ही हे इकडून पाहिलंय का हो? या जरा."

कवळीवाल्यांनी इकडून पाहिलं नव्हतं. त्यांनी बटणं मास्तरच्या ताब्यात दिली, फटीतून बाहेर आले आणि गुडघे टेकून वाकले. मास्तरने मालगाडी सोडली. चार डब्यांची गाडी, चारही डबे त्यांनी स्वतः जोडलेले. ती पहिल्या फटीत दिसली, सहा झबल्यांमागे गेली, पुन्हा दिसली, गोधडीखालून सरकली, आणि संपेचना. चार डबे एकदम कधी दिसतच नव्हते, म्हणून ते चाळीस असावेत असं वाटत होतं. त्यांच्या स्टुलावरून ही गाडी कधी एवढी लांब दिसली नव्हती. त्यांना आनंद झाला, आणि आनंदाच्या पाठोपाठ थोडं जळलंही. दोन्हीची खरी प्रमाणं त्यांनी कुणाला सांगितली नाहीत.

अध्यक्षबाईंनी विचारलं, हे काम कोणाचं?

कवळीवाल्यांना 'आमचं' म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं.

"हिचं," ते म्हणाले. "काल संध्याकाळचं. माझं चार वर्षांचं आहे, पण ते बघायला भिंतीकडून यावं लागतं."

अध्यक्षबाई खरोखरच गेल्या. पर्स मागे ठेवून, अंग चोरून त्या फटीत शिरल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. तावदानं मोजल्याचा आवाज येत होता. बाहेर आल्या तेव्हा कोपराला प्लास्टर लागलं होतं.

"पुढच्या वर्षी मध्यावर बसा. दोन्ही बाजू मोकळ्या. चालवायचं टोकाला उभं राहून, म्हणजे कोणाच्या आड येणार नाही. बोटांना वर्षभरात शिकवा."

बोलावणं लेखी मिळालं. त्यावर दोघांची नावं होती, आणि बायकोचं आधी. मास्तरने ते वाचून साक्षीदार म्हणून खाली सही केली. कोणी मागितली नव्हती.

करार बायकोने पाळला. खोलीबद्दल ती पुन्हा एक शब्द बोलली नाही. फक्त एवढंच झालं, की दोन्ही बाजू मोकळ्या हव्यात म्हटल्यावर लेआउट भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यावर आणावा लागला. मग पलीकडच्या बाजूला कोणीतरी बसायला हवं, कारण पाठी अजून कच्च्या होत्या: दवाखान्यामागे काही नाही, दोन गच्च्या रिकाम्या. मग बसायचं तर उजेड हवा, म्हणून मशीन आत आलं. मशीन आलं तर कापड बेतायला टेबल. कवळीवाल्यांनी कराराची आठवण करून दिली. बायको म्हणाली, खोली गाडीचीच आहे, मी कुठे नाही म्हणतेय; मी कामावर येते. मास्तरने ड्यूटीच्या तक्त्यात तिचं नाव घातलेलं होतं, 'मागची बाजू' या हुद्द्याखाली. त्यामुळे बोलायची सोय उरली नाही.

आता रोज पाचला कवळीवाले टोकाला उभे राहून डावं-उजवं नव्याने शिकतात, आणि पलीकडे घरांच्या गच्च्यांवरून बायकोचा अंबाडा तेवढा दिसतो. काल पाच पन्नासची मालगाडी वेळेवर तयार होती. मास्तरने वहीत वेळ लिहिली, झेंडा वर केला, तेवढ्यात अंबाड्याकडून आवाज आला.

"अहो, थांबवा ती. चादरी ओल्या आहेत, आत्ताच रंगवल्यात."

कवळीवाल्यांनी मास्तरकडे पाहिलं. मास्तरने झेंडा बदलला आणि वहीत लिहिलं: मालगाडी वीस मिनिटं उशिरा, कारण, वाळत घातलेले कपडे.